कोड: रंग कुठे हरवतो, कुठून परततो

चिकटवायची टिकली वर्षानुवर्षं कपाळाच्या एकाच जागी लावणाऱ्या काही बायकांच्या एके दिवशी लक्षात येतं, की टिकली काढल्यावरही तिथे एक गोल उरतो आहे. पांढरा, आणि मापाने टिकलीएवढाच. चिकट थर राहिला असेल म्हणून तो घासून बघतात, जात नाही. खाज नाही, आग नाही, खवले नाहीत. हात फिरवला तर आजूबाजूसारखीच त्वचा, फक्त तिच्यात रंग नाही. मग घरात कुजबुज सुरू होते, कोणीतरी “कोड फुटलं वाटतं” म्हणतं, आणि दह्या-लिंबावर बंदी येते.

या गोलाचं कारण दह्यात नसतं, टिकलीच्या मागच्या चिकटद्रव्यात असतं. पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचं एक रसायन अशा चिकटद्रव्यांत सापडतं. ते त्वचेतल्या एकाच प्रकारच्या पेशींना मारतं, शेजारच्या पेशी मात्र सुखरूप राहतात. कोलकात्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी अशा रासायनिक पांढऱ्या डागांच्या ८६४ रुग्णांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. त्यात सर्वांत वरचा क्रमांक लागला केसांच्या कलपाचा. त्यामागोमाग डिओडरंट आणि अंगावर फवारायची अत्तरं, कपडे-भांड्यांच्या पावडरी, टिकली, रबरी चपला. सगळ्या रोज घरात वावरणाऱ्या वस्तू. लाखो लोक त्या वापरतात आणि त्यांना काही होत नाही, थोड्यांना होतं. हे थोडे कोण आणि का, याचं उत्तर शोधताना कोडाची जवळजवळ सगळी गोष्ट हाती लागते. रासायनिक डाग म्हणजे नेहमीचं कोड नव्हे, पण दोन्हींत बळी जाते ती पेशी एकच.

तिचं नाव मेलॅनोसाइट. आपण तिला रंगपेशी म्हणू. गर्भ काही आठवड्यांचा असताना, जिथे पुढे मज्जारज्जू होणार असतो त्या भागाच्या काठावर या पेशींचा उगम होतो. तिथून त्या निघतात आणि सरकत सरकत त्वचेपर्यंत पोचतात. बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरात त्या वस्तीला राहतात. संख्येने थोड्याच, साधारण ३६ त्वचापेशींमागे एक रंगपेशी. तिला लांब, फाटे फुटलेले हात असतात. मेलॅनिन भरलेल्या सूक्ष्म पिशव्या या हातांवाटे ती आपल्या वाट्याच्या त्वचापेशींना पुरवते. तिथे पोचलेलं मेलॅनिन पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखं पसरतं आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून आतल्या डीएनएचं रक्षण करतं. गोऱ्या आणि काळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो पिशव्यांच्या आकारामुळे, त्यातल्या मेलॅनिनच्या प्रकारामुळे आणि त्या किती काळ टिकून राहतात यामुळे.

जन्मतःच संपूर्ण रंगहीन असलेल्या, म्हणजे आल्बिनो माणसाच्या त्वचेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर रंगपेशी जागच्या जागी दिसतात. त्यांना मेलॅनिन करता येत नाही एवढंच. कोडाच्या जुन्या डागातला तुकडा पाहिला तर रंगपेशी दिसतच नाहीत. जागा रिकामी असते. म्हणून “त्वचेचा रंग उडाला” हे वर्णन डोळ्यांना दिसतं तितपतच खरं आहे. आत झालेला असतो तो पेशींचा मृत्यू.

मग त्यांना मारतं कोण? टिकलीतल्या रसायनापासूनच सुरुवात करू. मेलॅनिन बनतं टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून. टायरोसिनेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, त्यावर काम करतं आणि टप्प्याटप्प्याने मेलॅनिन तयार होतं. टिकलीच्या चिकटद्रव्यातल्या फिनॉलची रचना टायरोसिनशी मिळतीजुळती असते. विकर फसतं, त्या फिनॉलला टायरोसिन समजून कामाला घेतं, आणि मेलॅनिनऐवजी तयार होतात विषारी क्विनोन. हे विकर दुसऱ्या कुठल्या त्वचापेशीत नसल्यामुळे विषही फक्त रंगपेशीतच तयार होतं. शेजारणी का वाचतात ते यावरून कळतं.

हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते अमेरिकेत. १९३९ साली तिथल्या एका चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या हातांवर पांढरे डाग उठले, आणि तपास करता करता डॉक्टर त्यांच्या रबरी हातमोज्यांपर्यंत पोचले. रबर टिकावं म्हणून त्यात मोनोबेंझोन नावाचं रसायन घातलेलं होतं. (पुढे हेच रसायन औषध झालं. ज्यांच्या अंगावर रंगाचेच मोजके ठिपके उरले आहेत, अशांचा उरलेला रंग काढून त्वचा एकसारखी करायला ते वापरतात.) अलीकडचं उदाहरण जपानचं. त्वचा उजळ करणाऱ्या प्रसाधनांत रोडोडेनॉल नावाचं फिनॉल होतं. ते वापरणाऱ्या हजारो बायकांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पांढरे डाग आले आणि जुलै २०१३ मध्ये कंपनीला ती सगळी उत्पादनं बाजारातून मागे घ्यावी लागली. वापर थांबवल्यावर अनेकींचा रंग परतला. काहींचा मात्र परतला नाही, आणि काहींच्या बाबतीत तर जिथे क्रीम कधी लावलंच नव्हतं तिथेही डाग पसरले.

जपानमधली ही शेवटची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रसायन गालावर लावलं आणि डाग पोटावर उठला, तर पोटावरच्या पेशींना त्या रसायनाने मारलेलं नाही. तिथे दुसरं कोणीतरी पोचलं.

ते समजण्याआधी रंगपेशीचं रोजचं जगणं लक्षात घ्यायला हवं. मेलॅनिन बनवणं हे मुळातच जोखमीचं काम आहे. त्या प्रक्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे तिखट, ऑक्सिडेशन करणारे पदार्थ सतत तयार होतात. निरोगी रंगपेशी कॅटालेजसारख्या विकरांच्या मदतीने ते निकामी करते. कोड असलेल्यांच्या बाह्यत्वचेत कॅटालेज कमी पडतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड साचतं, हे कारिन शालरॉयटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवलं. म्हणजे या रंगपेशी आधीच काठावर उभ्या असतात. त्यात कडक ऊन, जखम किंवा एखादं फिनॉल यांची भर पडली की ताण झेपत नाही. ताणाखालची पेशी धोक्याचे रासायनिक संकेत सोडते. एचएसपी-७० हे प्रथिन त्यांपैकी एक. हे संकेत वाचायला त्वचेत प्रतिकारयंत्रणेच्या पेशी बसलेल्याच असतात. त्या रंगपेशीतल्या प्रथिनांचे तुकडे उचलतात, लसिकाग्रंथींत नेऊन टी-पेशींना दाखवतात, आणि ज्या टी-पेशींनी एरवी विषाणूग्रस्त पेशी शोधून मारायच्या, त्या रंगपेशी शोधू लागतात.

हा केवळ तर्क नाही, हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००९ मध्ये सिद्ध केलं. प्रयोग साधा, पण निर्विवाद. कोडाच्या डागाच्या कडेची त्वचा घेऊन तिच्यातून टी-पेशी वेगळ्या काढल्या आणि त्याच रुग्णाच्या रंग शाबूत असलेल्या त्वचेच्या तुकड्यावर सोडल्या. टी-पेशी त्या तुकड्यात शिरल्या आणि त्यांनी तिथल्या रंगपेशी टिपून मारल्या. त्यांतल्या सीडी-८ जातीच्या, म्हणजे मारक टी-पेशी आधीच काढून टाकल्या, तर हा संहार झाला नाही. त्याआधी बरीच वर्षं रुग्णांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांकडे बोट दाखवलं जात होतं. प्रतिपिंडं सापडतात हे खरं, पण प्रत्यक्ष घाव घालणारे हात टी-पेशींचे.

एक टी-पेशी आली तर इतरांना कळतं कसं? मारक टी-पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचा रेणू सोडते. शेजारच्या त्वचापेशींच्या पृष्ठभागावर तो बसला की त्यांच्या आत जॅक नावाची विकरं जागी होतात आणि त्या त्वचापेशी सीएक्ससीएल-१० नावाचं बोलावणं पाठवू लागतात. ते ओळखून आणखी टी-पेशी येतात, त्या आणखी इंटरफेरॉन सोडतात, आणि चक्र सुरू राहतं. अमेरिकेत जॉन हॅरिस यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर ही साखळी कडीकडीने उलगडली. ज्या त्वचापेशींना रंगपेशी जन्मभर मेलॅनिन पुरवते, त्यांच्याच निरोपावरून तिचे मारेकरी येतात. डाग मधून फुटून चहूकडे पसरतो आणि त्याच्या कडेला टी-पेशींची दाटी असते, यामागे हेच चक्र आहे.

कर्करोगतज्ज्ञांनी या साखळीची दुसरी बाजू पाहिली आहे. मेलॅनोमा हा रंगपेशींचाच कर्करोग. त्यावर प्रतिकारशक्ती चेतवणारी नवी औषधं देतात तेव्हा काही रुग्णांच्या अंगावर कोडासारखे पांढरे डाग येतात, आणि अशा रुग्णांवर उपचाराचा गुण सरासरीने चांगला आलेला दिसतो. याउलट, कोड असलेल्यांना मेलॅनोमा होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळतं. कोलोरॅडो विद्यापीठातले रिचर्ड स्प्रिट्झ आणि सहकारी यांनी २०१० साली याला जनुकीय आधार दिला: टायरोसिनेजच्या जनुकाचं जे रूप कोडाची शक्यता वाढवतं, तेच मेलॅनोमाची कमी करतं. म्हणजे काही माणसांची प्रतिकारयंत्रणा रंगपेशींवर जन्मतःच जास्त बारीक नजर ठेवून असावी. कोड हा रक्तातला दोष किंवा अशक्तपणा आहे ही समजूत अजून ऐकू येते. त्यापेक्षा अतिदक्षतेची किंमत म्हणणं सत्याच्या जास्त जवळ जातं.

आनुवंशिकतेचा प्रश्न आपल्याकडे आरोग्यासाठी कमी आणि लग्न ठरवताना जास्त विचारला जातो, म्हणून त्याचे आकडे नीट सांगायला हवेत. जगात शंभरांतल्या साधारण अर्ध्या ते दोन माणसांना कोड असतं. भाऊ किंवा बहिणीला कोड असेल तर ही शक्यता सुमारे सहा-सात टक्क्यांपर्यंत जाते. एकसारख्या जुळ्या भावंडांची सगळी जनुकं समान असतात. तरी एकाला कोड असताना दुसऱ्यालाही ते झाल्याचं प्रमाण एका मोठ्या पाहणीत फक्त २३ टक्के निघालं. कोडाशी नातं असलेल्या जनुकीय जागा पन्नासच्या आसपास सापडल्या आहेत. बहुतेक प्रतिकारयंत्रणेच्या कारभारातल्या, थोड्या रंगपेशीच्या कामाशी जोडलेल्या. एकेकीचा वाटा लहान. म्हणून आई किंवा वडिलांना कोड आहे एवढ्यावरून मुलांबद्दल भाकीत करणं शास्त्राच्या विरुद्ध आहे, आणि अशा भाकितापायी मोडलेली लग्नं हा निव्वळ अन्याय आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००६ च्या ‘नितळ’ या चित्रपटाची नायिका कोड असलेली डॉक्टर आहे. तिला कोणता प्रश्न छळतो हे मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावं लागलं नाही.

त्याच जनुकांमुळे कोडाबरोबर काही इतर विकारही आढळतात. सर्वांत जास्त थायरॉइडचे, त्याखालोखाल चाई, पहिल्या प्रकारचा मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्व शोषलं न गेल्यामुळे होणारा एक प्रकारचा पंडुरोग. म्हणून त्वचेचे डॉक्टर कोडाच्या रुग्णाला थायरॉइडची तपासणी करायला सांगतात, तो वायफळ खर्च नव्हे. कुष्ठरोगाशी मात्र याचा काहीही संबंध नाही. तो जंतूंमुळे होतो, त्यातला चट्टा फिकट किंवा लालसर असतो, दुधासारखा पांढरा नसतो, आणि तिथली स्पर्शाची जाणीव कमी झालेली असते. त्यावरही खात्रीचा इलाज आहे. कोड स्पर्शाने पसरत नाही. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्यानेही होत नाही, आणि आंबट सोडल्याने जातही नाही. मुलाच्या ताटातून लिंबू आणि चिंच काढून घेणारे आईवडील त्याला आणखी एक शिक्षा देत असतात, एवढंच.

डाग कुठे उठतात हे पाहण्यासारखं आहे. डोळ्यांभोवती, ओठांभोवती, बोटांच्या टोकांवर, कोपरांवर, गुडघ्यांवर. परकराची नाडी कमरेला जिथे काचते तिथे, चपलेच्या पट्ट्याखाली, घड्याळाखाली. खरचटल्याची जखम बरी झाली की तिच्या रेषेत. सतत घर्षण किंवा इजा होणाऱ्या जागी कोड उमटण्याची ही सवय डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत होती. २०१५ साली फ्रेंच संशोधकांनी तिचं एक कारण दाखवलं. रंगपेशीला शेजारच्या पेशींशी धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन कोड असलेल्यांमध्ये, रंग शाबूत असलेल्या त्वचेतसुद्धा, कमी किंवा विस्कळीत असतं. पकड ढिली असल्यामुळे घासलं गेलं की रंगपेशी आपल्या थरातून सुटते आणि वर सरकून गळून जाते. म्हणून नाडी सैल बांधा, पट्टा बदला, मुलाला खरखरीत घासणीने अंघोळ घालू नका, हे सल्ले अगदी खऱ्या जीवशास्त्रावर उभे आहेत.

एका प्रकारचं कोड या सगळ्यापासून थोडं वेगळं वागतं. ते शरीराच्या एकाच बाजूला, एखाद्या पट्ट्यात उठतं, बहुधा लहान वयात. वर्ष-दोन वर्षांत भराभर पसरून थांबतं आणि मग पुढे वर्षानुवर्षं तसंच राहतं. गर्भावस्थेत एकाच पूर्वज पेशीपासून झालेल्या रंगपेशींच्या एका घराण्यात काही बदल झाला असावा, आणि मारक टी-पेशी तेवढंच घराणं टिपत असाव्यात, असं मानलं जातं. पट्टा मधोमध, शरीराच्या मध्यरेषेशी अचानक का थांबतो हे त्यावरून समजतं.

आता रंग परत येण्याविषयी. उपचाराला गुण येऊ लागला की पांढऱ्या डागात आधी तपकिरी ठिपके उमटतात, आणि प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागी एक केस असतो. केसाच्या मुळाशी रंगपेशींच्या मूळपेशी साठवून ठेवलेल्या असतात. त्या भागात प्रतिकारयंत्रणेचा वावर कमी, म्हणून वरच्या थरातला संहार तिथवर बराच काळ पोचत नाही. उपचारांनी या मूळपेशी जाग्या होतात, त्यांच्यापासून नव्या रंगपेशी होतात आणि केसाच्या कडेने वर चढून भोवताली पसरतात. ठिपके वाढत वाढत एकमेकांना मिळतात. चेहऱ्यावर बारीक लव दाट असते, तिथे रंग लवकर भरतो. बोटांची टोकं, तळवे आणि ओठ यांवर केस नाहीत, साठाही नाही, तिथे औषधं हताश होतात. आणि डागावरचे केसही पांढरे झाले असतील तर साठा संपत आला आहे असं समजायचं.

जुनी औषधंही नकळत याच साठ्याला हात घालत होती. आपल्याकडची बावची शतकानुशतकं कोडावर वापरली जाते. तिच्यात सोरालेन असतं. इजिप्तमध्ये नाईलच्या काठी उगवणाऱ्या एका वनस्पतीचा असाच वापर होता, आणि कैरोचे डॉ. एल मोफ्ती यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीला तिच्यातून काढलेल्या सोरालेनचे प्रयोग रुग्णांवर केले. सोरालेन आणि ऊन मिळून टी-पेशींना आवर घालतात आणि रंगाच्या मूळपेशींना चाळवतात. पण मात्रा चुकली की त्वचा भाजून फोड येतात, आणि भाजलेल्या जागी कोड आणखी पसरू शकतं. म्हणून बावचीचं तेल मनाने लावून उन्हात बसणं धोक्याचं. आता बहुतेक ठिकाणी ३११ नॅनोमीटरचे अतिनील किरण देतात. आठवड्यातून दोन-तीनदा आणि कित्येक महिने. चिकाटी लागते, पण सोरालेन लागत नाही. कोड वेगाने पसरत असेल तर आठवड्यातून लागोपाठ दोन दिवस स्टेरॉइडची गोळी देण्याची पद्धत आहे. ती दिल्लीच्या एम्समधले डॉ. पसरिचा आणि डॉ. खेतान यांनी १९९३ साली मांडली.

इंटरफेरॉनची साखळी कळल्यावर तिची एखादी कडी तोडणारं औषध शोधणं शक्य झालं. जॅक विकरांना रोखणारं रक्सोलिटिनिबचं मलम अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये कोडासाठी मंजूर झालं. चाचण्यांत चोवीस आठवड्यांनी सुमारे ३० टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरचा तीनचतुर्थांश किंवा त्याहून जास्त रंग परतला. औषध नसलेलं मलम लावणाऱ्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं. कोडाच्या कारणावर नेमका बेतलेला हा पहिला इलाज, म्हणून मला तो मोलाचा वाटतो. पण औषध थांबवल्यावर कोड पुष्कळदा परत येतं, तेही नेमक्या जुन्याच जागी. संहार संपला तरी काही टी-पेशी त्या जागेची स्मृती बाळगून त्वचेतच मुक्काम ठोकतात. नवी रंगपेशी दिसली की त्या पुन्हा साखळी सुरू करतात. त्यांना जगायला आयएल-१५ नावाचा रेणू लागतो. उंदरांमध्ये तो संकेत अडवल्यावर या पेशी नाहीशा झाल्या आणि रंग टिकला. माणसांवर या वाटेने काम सुरू आहे.

ज्या जागी साठाच उरलेला नाही तिथे तो बाहेरून आणावा लागतो. मांडीच्या किंवा नितंबाच्या त्वचेचा पातळ तुकडा काढून त्यातल्या पेशी सुट्या करतात आणि डाग हलकेच खरवडून त्यावर पसरतात. एका लहानशा तुकड्यातून त्याच्या कितीतरी पट मोठा डाग भरता येतो. एका बाजूच्या, थांबलेल्या कोडात याचा गुण उत्तम. पसरत्या कोडात मात्र आधी किमान वर्षभर नवा डाग नसावा लागतो, कारण टी-पेशी जाग्या असताना नेऊन ठेवलेल्या रंगपेशीही त्या मारतात, आणि ज्या जागेवरून तुकडा काढला तिथेही नवा डाग उठू शकतो. म्हणून पहिला डाग दिसला की, त्यावरचे केस काळे आहेत तोवरच, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवणं सर्वांत फायद्याचं.